पोलादाच्या वड्या

1896 साल. स्वीडनमधल्या एस्किल्स्तुनाच्या बंदूक कारखान्यात काम करणारा कार्ल एडवर्ड योहान्सन जर्मनीतला माउझर रायफलचा कारखाना पाहून आगगाडीने घरी परतत होता. माउझरच्या पद्धतीत मापागणिक वेगळं गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लागे. तीच रायफल स्वीडनमध्ये बनवायची, तर इतकी गेजेस घडवायची कधी आणि सांभाळायची कोणी? गाडीत बसल्या बसल्या त्याने हिशेब मांडला. 102 पोलादी ठोकळे नीट निवडले, तर ते एकमेकांना जोडून 20,000 वेगवेगळी मापं तयार होतात! घरी आल्यावर त्याने बायकोच्या शिवणयंत्रात फेरफार केले आणि त्यावरच ठोकळे घासायला सुरुवात केली.

आज चाकण-भोसरीच्या कोणत्याही बऱ्या कारखान्यातल्या स्टँडर्ड रूममध्ये हे ठोकळे लाकडी पेटीत ओळीने मांडलेले दिसतात. नाव स्लिप गेज. दिसायला बर्फीच्या वड्यांसारखे, पण आरशासारखे लखलखीत. 41.125 मिलिमीटरचं माप हवं असेल तर 1.005, 1.12, 9 आणि 30 अशा चार वड्या काढायच्या. त्या पुसून स्वच्छ करायच्या, एकीवर दुसरी आडवी टेकवायची आणि हलकेच दाबत फिरवायची. दोन्ही चिकटतात. गोंद नाही, चुंबक नाही. सरळ ओढून त्या सुटतही नाहीत. पृष्ठभाग मायक्रोनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही दहाव्या हिश्शाइतके सपाट असल्याने दोघींचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. मध्ये राहिलेला तेला-पाण्याचा अतिसूक्ष्म थरही साथ देतो. मात्र धुळीचा एक कण आला, की पकड गेली आणि वडीवर ओरखडाही पडला.

याच वड्यांवर मायक्रोमीटर, म्हणजे जॉबची (घडवलेल्या भागाची) जाडी मोजायचं उपकरण, तपासला जातो. 0 ते 25 मिलिमीटरच्या मायक्रोमीटरसाठी रूढ असलेली मापं मात्र विचित्र वाटतात: 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9, 15, 17.6, 20.2, 22.8 आणि 25. सरळ 5, 10, 15 का नाहीत? मायक्रोमीटरचा ड्रम एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. पूर्ण आकडेच घेतले, तर ड्रम दर वेळी फिरून त्याच जागी थांबेल आणि आतल्या आट्यांमध्ये फेऱ्याच्या अधेमधे दडलेली चूक कधीच सापडणार नाही. 5.1 वर तो एक पंचमांश फेरा पुढे थांबतो, 7.7 वर दोन पंचमांश. या साध्या दिसणाऱ्या यादीत केवढी कारागिरी आहे!

धुळीनंतरचा दुसरा शत्रू उष्णता. जगभर लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात. 1931 साली आंतरराष्ट्रीय समितीने तसं ठरवलं. 100 मिलिमीटरची पोलादी वडी एका अंशाला साधारण 1.15 मायक्रोन वाढते. म्हणजे मे महिन्यात 38 अंशांच्या शेडमध्ये ती सुमारे 20 मायक्रोन लांब होते. जॉबही पोलादाचा आणि तितकाच तापलेला असेल, तर दोघं बरोबरीने वाढतात आणि निभावतं. पण ॲल्युमिनियम दुपटीने पसरतं. तिथे यंत्र चांगलं, कारागीर चांगला, तरी माप 20 मायक्रोनने चुकतं. म्हणून स्टँडर्ड रूम वातानुकूलित ठेवतात, वड्या आणि जॉब एकाच ग्रॅनाइटच्या पाटावर काही तास शेजारी ठेवून देतात आणि वडी उघड्या हाताने धरत नाहीत. बोटांची ऊब पोलादाला लांबवते, आणि घामाने त्याला गंज चढतो.

मग या वड्या तरी खऱ्या कशावरून? त्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतल्या अधिक अचूक वड्यांशी ताडून पाहतात, आणि तिथली मानकं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जोडलेली असतात. साखळीच्या टोकाला पोलाद उरतच नाही. निर्वातात प्रकाश सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जेवढं अंतर कापतो, तो मीटर. ही व्याख्या 1983 ची. स्थिर लेसरच्या लाल प्रकाशाच्या लाटा मोजून वडीची लांबी ठरते.

तपासणी झाली, की मायक्रोमीटरवर पुढच्या तारखेचं स्टिकर लागतं. पण तो नापास झाला तर? दुरुस्त करणं किंवा मोडीत काढणं हे काम थोडक्यात आटपतं. खरं काम रजिस्टर उघडल्यावर सुरू होतं. हा शेवटचा पास झाला तेव्हापासून आजपर्यंत याने मोजलेले शाफ्ट आणि बुश कोणत्या लॉटमधले होते आणि कुणाकडे रवाना झाले, हे एकेक करून शोधावं लागतं.