दुधाच्या दातांची साक्ष

अणुस्फोट म्हटला म्हणजे हिरोशिमा व नागासाकी येथील अग्निप्रलय डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु निर्जन वाळवंटांत केलेल्या चांचणीचें विषही शेंकडों कोसांवरील घरांत, दुधाच्या पेल्यांतून, मुलांच्या मुखीं जातें. याची साक्ष दिली ती बालकांच्या पडलेल्या दातांनीं.

स्फोटाची धूळ उंच आकाशांत चढते, वाऱ्याबरोबर दूरवर पसरते व पावसाबरोबर खालीं येते. तिच्यांत स्ट्राँशियम-९० नांवाचें किरणोत्सर्गी द्रव्य असतें. त्याचा स्वभाव कॅल्शियमसारखा. म्हणून तें गवतांतून गाईच्या दुधांत आणि दुधांतून वाढत्या हाडांत व दातांत जाऊन बसतें. त्याचें सामर्थ्य निम्में होण्यास सुमारें २९ वर्षें लागतात.

जिवंत मुलाचें हाड काढून तपासतां येत नाहीं. पण दुधाचा दात आपोआप पडतो, आणि तो घडला त्या काळची नोंद त्यांत राहून जाते. हें ओळखून अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं १९५८ च्या डिसेंबरांत शास्त्रज्ञ व नागरिक यांनीं मिळून दात गोळा करण्यास आरंभ केला. डॉ. लुईझ रीस या विदुषींनीं प्रथम या कार्याची धुरा वाहिली. तिकडे पडलेला दात उशीखालीं ठेवला म्हणजे रात्रीं परी येऊन नाणें ठेवते, अशी मुलांची समजूत. तो दात परीऐवजीं शास्त्राला द्यावा, असें आईबापांस विनविण्यांत आलें. देणाऱ्या मुलास एक बिल्ला मिळे. १९७० पर्यंत सुमारें ३ लक्ष दात जमले.

१९६१ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चांचण्या वाढल्या तसें दातांतील स्ट्राँशियमही वाढलें होतें. ५ ऑगस्ट १९६३ रोजीं अमेरिका, सोव्हिएट रशिया व ब्रिटन यांनीं हवेंत, पाण्याखालीं व अंतराळांत स्फोट न करण्याच्या करारावर मॉस्को येथें सह्या केल्या. एकट्या दातांनीं तो करार घडविला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु लोकमत जागें करण्यांत त्यांचा वांटा मोठा होता. पुढें जन्मलेल्या मुलांच्या दातांत तें प्रमाण उतरत गेलें.

आतां हें काम यंत्रें करतात. १९९६ च्या चांचणीबंदी करारान्वयें हवा गाळून तींतील धूळ तपासणारीं ८० केंद्रें जगभर योजलेलीं आहेत, व त्यांची माहिती व्हिएन्ना येथें जमा होते. यंत्रें सूक्ष्म खरीं. तथापि आपल्या मुलाच्या पेल्यांत काय आहे, हें विचारण्याचा अधिकार प्रथम बजावला तो घरोघरच्या आईबापांनीं, हें विसरतां कामा नये.