दांडीची परीक्षा

मुलांनो, नवे बूट घातले की आपण जास्त जोरात पळतो, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही लहानपणी वाटायचं. पण आपण खरंच जोरात पळतो, की नुसतं वाटतं? हे ठरवायचं कसं? त्यासाठी आज एका मोटारीची गंमत सांगते.

अमेरिकेत 'ऑटोक्रॉस' नावाचा हौशी लोकांचा खेळ आहे. मोठ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर प्लॅस्टिकचे शंकू मांडून नागमोडी मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते. शर्यत असते ती घड्याळाशी! १९४४ साली स्थापन झालेली 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था अशा स्पर्धा भरवते. तिच्या स्पर्धेत सेकंदाचा हजारावा भागही मोजतात आणि एक शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड! पुष्कळ जण रोजच्या वापरातलीच गाडी घेऊन येतात.

अशा गाडीला काही जण एक लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची दांडी बसवतात. तिला 'स्ट्रट बार' म्हणतात. बऱ्याच मोटारींचं बॉनेट उघडलं, की डाव्या-उजव्या बाजूला दोन गोल उंचवटे दिसतात. पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा तिथेच वर टेकलेल्या असतात. गाडी जोरात वळली की तिथला पत्रा किंचित लवतो आणि चाकाचा कोन थोडा बदलतो. दांडी हे दोन उंचवटे एकमेकांना जोडते.

करून बघा! बुटांचं खोकं झाकण काढून घ्या आणि दोन्ही बाजू आत दाबा. चटकन दबतात ना? आता मधोमध एक पट्टी आडवी चिकटवा आणि पुन्हा दाबा. आता दबणार नाहीत. पण खोकं पिळून बघा. ते अजूनही पिळता येतं. म्हणजे दांडी काही जादूची कांडी नव्हे, बरं का!

मग तिचा उपयोग होतो की नाही? समजा, एकाने दांडीशिवाय तीन फेऱ्या मारल्या. सर्वांत चांगली वेळ ४६ सेकंद. मग दांडी बसवून आणखी तीन फेऱ्या. वेळ ४५ सेकंद! वाजवायच्या टाळ्या?

थांबा. चौथ्या फेरीपर्यंत वळणं पाठ झाली होती. टायर तापून रस्त्याला घट्ट धरू लागले होते. मग तो एक सेकंद कुणी वाचवला? दांडीने, सरावाने की टायरने?

यावर उपाय सोपा आहे. दांडी काढा आणि पुन्हा तीन फेऱ्या मारा. वेळ ४५ सेकंदच राहिली, तर श्रेय दांडीचं नाही. पुन्हा ४६ झाली, तर दांडीने मदत केली असावी. खात्रीसाठी हे दोन-तीनदा करायचं. शिवाय काहीही न बदलता दोन फेऱ्यांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडत असेल, तर पाव सेकंदाच्या फायद्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि दांडी लावली की काढली, हे चालवणाऱ्याला सांगायचंच नाही! पैसे मोजलेले असले की ती उपयोगी पडावी, असं मन आधीच ठरवून बसतं.

उत्तर मात्र प्रत्येक गाडीचं वेगळं. सांगाडा लेचापेचा असेल तर फरक पडू शकतो. मुळातच भक्कम असेल तर घड्याळाला कळणारही नाही.

आईबाबांनो, अमुक पूड दुधात घातली की मूल उंच होतं, अशी जाहिरात आपण बघतो. सहा महिने पूड दिली आणि मूल वाढलं. पण त्या वयात मूल वाढतंच की! हीसुद्धा ती दांडीच नाही का?

तर मुलांनो, येत्या रविवारी मैदानावर जा. जुने बूट, नवे बूट, पुन्हा जुने, पुन्हा नवे. मधे नीट दम खा, घड्याळ मित्राच्या हातात द्या आणि आकडे वहीत लिहा. नवे बूट हरले तर रुसू नका. तुम्ही जोरात पळता ते तुमच्या पायांमुळे, हे कळलं की!