प्रवाळावर किडा दिसला? आधी तो करतोय काय ते बघा

नवीन प्रवाळ टाकीत सोडलं, रात्री टॉर्च मारला आणि दगडाच्या फटीतून केसाळ गोमेसारखं काहीतरी सरकलं. बहुतेकांचा हात लगेच चिमट्याकडे जातो. तो जरा आवरा.

हा बहुधा ब्रिसल वर्म. गांडुळाचा समुद्रातला नातेवाईक, अंगाच्या दोन्ही कडांना बारीक केसांचे झुबके. मेलेल्या माशावर दिसला की लोक त्यालाच खुनी ठरवतात. खरं तर तो बिचारा तेराव्याला आलेला असतो! फटीत अडकलेलं खाणं तोच संपवतो. त्याला सरसकट मारलंत तर ते तिथेच कुजेल आणि अमोनिया वाढेल. संख्या फार वाढली तर तुमचा हात खाणं टाकताना सैल आहे असं समजा. फक्त उघड्या हाताने धरू नका, ते केस कातडीत मोडून बसतात.

अपवाद आहेच. अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला हर्मोडाइस हा फायरवर्म जिवंत प्रवाळ खातो. डोक्यामागे घड्याघड्यांचा मांसल तुरा आणि फांद्यांची टोकं पांढरी पडलेली, असं दिसलं तर मात्र काढा.

(भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यामुळे हे मुख्यतः परदेशात टाकी सांभाळणाऱ्या वाचकांसाठी.)

काचेवर चिकटलेल्या इवल्याशा पांढऱ्या चकल्या म्हणजे स्पायरॉर्बिड किडे. पाणी गाळून खातात. सोडून द्या.

खरी भीती न दिसणाऱ्याची. अॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा प्रवाळाचाच रंग घेऊन बसतो, कारण त्याच्या पोटात प्रवाळातलंच शेवाळ असतं. म्हणून किडा नाही, खुणा शोधा: फांदीवर फिकट गोल चट्टे आणि बुंध्याशी उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे पुंजके. औषधी पाण्यात बुडवून हलवलं की किडे गळून पडतात, अंडी मात्र टिकतात. म्हणून अंडी खरवडायची आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा बुडवायचं.

आणि पॉसिलोपोराच्या फांद्यांत ट्रॅपेझिया खेकडा सापडला तर त्याला हाकलू नका. प्रवाळाचा चिकट स्राव हे त्याचं जेवण आणि राखण करणं हे भाडं. समुद्रात प्रवाळ खायला आलेल्या काटेरी तारामाशाच्या पायांना तो चिमटे काढून परत पाठवतो.