साथीनंतरचा रोजगार आणि स्थलांतरित स्त्री : कॅनडाचा अनुभव

साथ ओसरली की गेलेली कामे आपोआप परत येतात, असा सर्वसाधारण समज आहे. परदेशात जाऊन स्थायिक झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. काम मिळण्यासाठी बाजारात मागणी असणे पुरेसे नसते. पदवीची मान्यता, मुलांची सोय आणि वास्तव्याचा हक्क या तीन गोष्टीही हाताशी असाव्या लागतात. कोविडनंतरच्या कॅनडात हे स्पष्टपणे दिसून आले.

मार्च 2020 मध्ये निर्बंध आले तेव्हा उपाहारगृहे, हॉटेले व दुकाने बंद पडली. नव्याने आलेल्या अनेक स्त्रियांची पहिली नोकरी अशाच ठिकाणी असते. ज्यांचे काम गेले त्यांना केंद्र सरकारने चार आठवड्यांसाठी 2,000 डॉलर इतके साहाय्य दिले. मात्र त्याकरिता पूर्वीची किमान 5,000 डॉलरची कमाई दाखवावी लागे. पहिलीच नोकरी शोधत असलेली स्त्री या व्याख्येत बसत नव्हती.

दुसरीकडे वृद्धांच्या निवासी संस्थांत मनुष्यबळाची टंचाई होती. पहिल्या लाटेतील सुमारे 80 टक्के मृत्यू अशाच संस्थांत झाले. तेथे वृद्धांना अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कामे करणाऱ्यांत स्थलांतरित स्त्रियांची संख्या मोठी होती. क्वेबेक प्रांतात त्यांचा 'रक्षक देवदूत' म्हणून गौरव झाला. त्यांपैकी अनेक जणी हैतीहून आलेल्या आश्रयार्थी होत्या. त्यांना कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची खास मुभा 14 डिसेंबर 2020 ते 31 ऑगस्ट 2021 या काळात मिळाली. परंतु ती प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्यांपुरतीच होती. त्याच इमारतीत फरशी पुसणारी किंवा स्वयंपाक करणारी स्त्री तीतून वगळली गेली. याच प्रांताने 2019 साली कायदा करून सरकारी शाळांतील नव्या शिक्षकांना धार्मिक चिन्हे धारण करण्यास मनाई केली होती. त्यामुळे हिजाब घेणाऱ्या पात्र शिक्षिकेला तेथील अध्यापनाचा मार्ग आधीच बंद झाला होता.

साथीनंतर काही अडथळे दूर करण्याचे प्रयत्न झाले. एप्रिल 2021 च्या अर्थसंकल्पात पाळणाघरांसाठी पाच वर्षांत 30 अब्ज डॉलरपर्यंत तरतूद जाहीर झाली. दररोज सरासरी 10 डॉलर शुल्क हे तिचे उद्दिष्ट होते. सासर-माहेरचे कोणी जवळ नसलेल्या आईच्या दृष्टीने पाळणाघर हाच नोकरीचा पहिला आधार असतो. ऑन्टॅरिओ प्रांताने 2021 साली आरोग्यक्षेत्राबाहेरील नियंत्रित व्यवसायांत 'कॅनडातील अनुभव' मागण्यास कायद्याने बंदी केली. जेथे अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, तेथे हा बदल महत्त्वाचा होय.

येथील महाविद्यालयांशी या विषयाचा थेट संबंध आहे. हैदराबाद, वडोदऱ्यासारख्या शहरांतून पदवीधर मुली विवाहानंतर किंवा पतीच्या नोकरीनिमित्त परदेशी जातात. कुशल कामगार म्हणून कॅनडात कायम वास्तव्य मागणाऱ्या परदेशी पदवीधराला 2013 पासून पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. त्यासाठी गुणपत्रके मूळ संस्थेकडून वा विद्यापीठाकडून अधिकृतपणे जावी लागतात. कार्यालयात ती महिनोन्‌महिने अडकली, किंवा पासपोर्टवरील नाव आणि पदवीवरील नाव जुळले नाही, तर तिकडे एम.एस्सी. झालेली स्त्री दुकानात सामान मांडत राहते.

पदवी देऊन महाविद्यालयाची जबाबदारी संपत नाही. प्रवेशाच्या वेळीच नावाचे स्पेलिंग तपासणे, जुने अभ्यासक्रम जपून ठेवणे, माजी विद्यार्थिनीच्या अर्जाला वेळेत उत्तर देणे ही कामे किरकोळ वाटतात. पुढच्या संकटात एखादीची नोकरी गेली, तर नवी मिळवताना तिच्या हाती हीच कागदपत्रे असतील.