मुदत संपलेला अध्यक्ष



एखाद्या देशाच्या अध्यक्षाने मुदत संपल्यावर ‘मी जात नाही’ असे म्हटले, तर त्याला घालवणार कोण? अमेरिकेच्या अध्यक्षांविषयी हा प्रश्न गेली काही वर्षे पुनःपुन्हा विचारला जात आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलेही तो विचारतात, आणि ‘तसे करण्यास घटनेची मनाई आहे’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. त्यांचे बरोबरच आहे. चोरीलाही कायद्याची मनाई आहे. तरी चोऱ्या होतातच. तेव्हा ही मनाई कोणत्या शब्दांत केलेली आहे आणि तिच्या पाठीशी कोणते बळ उभे आहे, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेची घटना १७८७ साली तयार झाली. तिने अध्यक्षाची मुदत चार वर्षांची ठरवली. परंतु एका व्यक्तीने ते पद किती वेळा भूषवावे, यावर बंधन घातले नाही. ते बंधन प्रथम घातले जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आचरणाने. १७९६ साली त्यांनी तिसरी मुदत नाकारली आणि पुढे तीच वहिवाट पडली. ती मोडण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नव्हे. १८८० साली युलिसिस ग्रँट यांना त्यांच्याच पक्षाने तिसऱ्यांदा उमेदवारी दिली नाही. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांना मतदारांनी नाकारले. फ्रँकलिन रूझवेल्ट मात्र १९४० साली तिसऱ्यांदा आणि १९४४ साली चौथ्यांदा निवडून आले, व १९४५ च्या एप्रिलमध्ये पदावर असतानाच वारले. त्यानंतर या वहिवाटीला लेखी रूप देण्याचे ठरले आणि १९५१ साली बाविसावी घटनादुरुस्ती मान्य झाली.

या दुरुस्तीप्रमाणे कोणाही व्यक्तीस अध्यक्षपदी दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही. दुसऱ्याच्या मुदतीपैकी दोन वर्षांहून अधिक काळ ज्याने ते पद सांभाळले असेल, त्याला तर एकदाच निवडून येता येते. २०१६ आणि २०२४ साली निवडून आलेल्या डोनाल्ड ट्रंप यांनाही हाच नियम लागू आहे. काही कायदेपंडित येथे शब्दावर बोट ठेवतात. मनाई ‘निवडून येण्याला’ आहे, ‘पदावर असण्याला’ नाही. मग उपाध्यक्ष होऊन मागच्या दाराने अध्यक्षपद मिळवता येणार नाही काय? याला उत्तर १८०४ सालच्या बाराव्या दुरुस्तीत आहे. जो अध्यक्षपदास अपात्र, तो उपाध्यक्षपदासही अपात्र, असे ती सांगते. तरीही ‘अपात्र’ कोणास म्हणावे यावर पंडितांचा वाद आहेच, आणि कोणत्याही न्यायालयाने तो अद्याप निकालात काढलेला नाही.

परंतु निवडणूकच घेतली नाही तर? येथे १९३३ सालची विसावी दुरुस्ती कामी येते. २० जानेवारीस दुपारी बाराच्या ठोक्याला अध्यक्षाची आणि उपाध्यक्षाची मुदत संपते, असे तिचे शब्द आहेत. ‘नवा अध्यक्ष येईपर्यंत’ असा एक शब्दही त्यात नाही. वारस ठरलेला असो वा नसो, जुना अध्यक्ष त्या क्षणी सामान्य नागरिक होतो. पद रिकामे राहिल्यास ते कोणाकडे जावे याचा क्रम १९४७ च्या कायद्याने लावून दिला आहे: प्रथम प्रतिनिधिगृहाचे सभापती, मग सिनेटचे हंगामी अध्यक्ष, त्यानंतर मंत्री. शिवाय निवडणुकीचा दिवस संसदेच्या कायद्याने ठरलेला असून मतदान घेण्याचे काम राज्यांकडे असते. अध्यक्षाच्या हुकुमाने ते थांबत नाही. १८६४ साली यादवी युद्ध चालू असतानाही अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झाली.

आता आपल्याकडे पाहू. भारताच्या घटनेत राष्ट्रपतींच्या पुनर्निवडीवर मर्यादा नाही. मुदत पाच वर्षांची आहे. पण ती संपल्यावरही उत्तराधिकारी पद स्वीकारीपर्यंत राष्ट्रपती पदावर राहतात, असे छप्पन्नावे कलम म्हणते. हेतू चांगला आहे. पद क्षणभरही रिकामे राहू नये. पण या वाक्याचा आधार घेऊन निवडणूकच पुढे ढकलता येईल काय? १९७४ साली गुजरातची विधानसभा बरखास्त झालेली होती, आणि राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तर विधानसभांच्या सदस्यांना मत असते. तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे विचारार्थ गेला. एखादी विधानसभा अस्तित्वात नसली तरी निवडणूक मुदत संपण्यापूर्वीच पुरी झाली पाहिजे, असे मत न्यायालयाने दिले. आणि तसेच झाले.

अशाच अर्थाचे वाक्य आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या घटनेतही आहे. तेथे जोसेफ कबिला यांची दुसरी आणि अखेरची मुदत २०१६ च्या डिसेंबरात संपत होती. निवडणूक झाली नाही. आणि नवा अध्यक्ष येईपर्यंत कबिला यांनी राहावे, असा निर्णय घटना न्यायालयाने आधीच देऊन ठेवला होता. ते २०१९ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे दोन वर्षे अधिक, पदावर राहिले. उलट सेनेगलमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत अध्यक्षांनी निवडणूक लांबणीवर टाकली, तेव्हा तेथील घटना परिषदेने ते कृत्य रद्द ठरवले. मार्चमध्ये मतदान झाले आणि २ एप्रिलला नव्या अध्यक्षांचा शपथविधी झाला.

जगातील उदाहरणे पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मुदतीचे कुलूप हातोड्याने फोडणारे थोडे. नवी किल्ली करून घेणारे अधिक. रशियात २०२० साली घटना बदलून विद्यमान अध्यक्षांच्या मागील मुदती हिशेबातून वगळण्यात आल्या. बोलिव्हियात २०१६ साली जनतेने सार्वमताने मर्यादा कायम ठेवली. दुसऱ्याच वर्षी घटना न्यायाधिकरणाने ती दूर केली. अमेरिकेत अशी किल्ली करणे कठीण आहे, कारण घटना बदलण्यास संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते.

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? अध्यक्षाची सत्ता म्हणजे त्याचा हुकूम पाळणारी माणसे. २०२० ची निवडणूक हरल्यानंतर ट्रंप यांनी निकाल मान्य केला नाही, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदभवनात घुसला. तरीही मतांची मोजदाद त्याच रात्री पुढे चालू होऊन पहाटे पुरी झाली, आणि २० जानेवारीस दुपारी सत्ता जो बायडन यांच्याकडे गेली. राज्यांचे निवडणूक अधिकारी, न्यायाधीश, संसदेचे सभासद आणि सेनाधिकारी यांनी घटनेशी घेतलेली शपथ पाळली म्हणून ते घडले. त्यांतील पुष्कळजण अध्यक्षांच्याच पक्षाचे होते. मुदत संपलेल्या माणसाला खुर्चीवरून ओढून काढण्याची पाळी बहुधा येत नाही. त्याचा कागद घेऊन जाणारा शिपाई, त्यावर शिक्का उठवणारा कारकून आणि तो अमलात आणणारा अधिकारी, यांनी हात आखडता घेतला की पुरे. ते तसे वागतील की नाही, हे मात्र घटनेच्या कागदावर लिहून ठेवता येत नाही. ते त्या देशातील माणसांनी आपल्या वर्तनानेच ठरवायचे असते.