कृष्णाकाठचे बुद्धवनम : फिरायला नव्हे, शिकायला जाऊया

नागार्जुनसागर धरण पाहायला महाराष्ट्रातून अनेक जण जातात. धरणाच्या डाव्या काठावर, तेलंगणाच्या नलगोंडा जिल्ह्यात, सुमारे पावणेतीनशे एकरांवर 'बुद्धवनम' हे बौद्ध वारसा केंद्र उभे आहे. मे २०२२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. अमरावतीच्या महास्तूपाची प्रतिकृती, तथागतांचे जीवनप्रसंग, जातककथांची शिल्पे, देशोदेशीच्या स्तूपांचे नमुने आणि श्रीलंकेने दिलेली अवुकन बुद्धमूर्तीची प्रतिकृती असे बरेच काही तिथे आहे. पण फोटो काढून परत यायचे असेल, तर एवढ्या लांब जाण्याचे श्रम वाया गेले, असे आम्हाला वाटते.

हे केंद्र नेमके इथेच का, हे आधी समजून घेऊया. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात या खोऱ्यात इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी होती. आसपास तीसहून अधिक बौद्ध वास्तूंचे अवशेष सापडले. नदीच्या खालच्या अंगाला अमरावतीचा महास्तूप आणि समुद्राजवळ घंटसाला. कृष्णेच्या याच वाटेने व्यापारी, भिक्खू आणि विचार ये-जा करत होते.

नागार्जुनकोंडाच्या एका शिलालेखात बोधिसिरी या उपासिकेचे दान नोंदवले आहे. ती राणी नव्हती, गृहपती कुटुंबातली स्त्री होती. तिने चैत्यगृह बांधून ते ताम्रपर्णीच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, थेरांना अर्पण केले. या थेरांनी कुठल्या कुठल्या प्रदेशांत धम्म पोहोचवला, त्याची यादीही लेखात आहे. काश्मीर, गांधार, चीन, वनवासी, वंग यांच्याबरोबर तिथे अपरांत हे नावही आहे. अपरांत म्हणजे आपले कोकण! सतराशे वर्षांपूर्वी कृष्णेच्या काठावर कोकणाचे नाव दगडात कोरले गेले, हे आपल्या किती तरुणांना माहीत आहे?

आता दुसरी बाजू. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. खोरे बुडणार हे ठरले होते, म्हणून १९५४ ते १९६० या काळात तिथे घाईने मोठे उत्खनन झाले. काही वास्तू हलवून टेकडीवर आणि काठावरच्या अनुपू इथे पुन्हा उभारल्या. ती टेकडी आज जलाशयातले बेट आहे आणि १९६६ पासून तिथे संग्रहालय आहे. बाकीची विजयपुरी पाण्याखाली आहे. अमरावतीची मूळ शिल्पेही विखुरली. त्यांतली बरीच चेन्नई आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत.

म्हणूनच बुद्धवनमकडे पाहताना हे लक्षात ठेवावे लागते की तिथला महास्तूप ही आजची निर्मिती आहे. प्रतिकृती वाईट नसते. मूळ स्तूप उभा असताना कसा दिसत असेल, हे ती दाखवते. पण स्तूप कोणी बांधला, दान कोणी दिले, तो ओस का पडला, हे प्रश्न आपणच विचारायला हवेत. इतिहास विचारणारा समाज नसेल, तर वारसा केंद्राची बाग व्हायला वेळ लागत नाही.

आमचे तरुणांना तीन गोष्टींचे आवाहन आहे. सहल काढाल तेव्हा बुद्धवनमसोबत बेटावरचे संग्रहालय आणि अनुपूही ठेवा, म्हणजे मूळ आणि प्रतिकृती शेजारी ठेवून पाहता येईल. निघण्याआधी विहारात एक बैठक घ्या आणि बोधिसिरीच्या लेखाचा अर्थ सर्वांना समजावून सांगा. आणि परत आल्यावर आपल्याच कृष्णाकाठाकडे वळा.

कारण ही नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडवरून पुढे जाते. कराडजवळच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथे मोठे केंद्र होईल तेव्हा होवो. महिन्यातून एका रविवारी दहा तरुणांनी लेण्यांत जाऊन येणाऱ्याला माहिती सांगितली, तर शिक्षणाचे केंद्र त्याच दिवशी सुरू होईल. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, अभ्यास मात्र करावा लागतो.