बिअर वाचायची तर…

बिअरविषयी वाचण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत गढूळ, लवंग-केळ्याच्या वासाची बिअर पहिल्यांदा चाखून ‘ही अशी कशी?’ या कोड्यात पडलेले तरुण हे एक. आणि इतिहासाचे किंवा रसायनशास्त्राचे वाचक, ज्यांना बाटलीत रस नाही पण बाटलीमागच्या गोष्टीत आहे, हे दुसरे. दोघेही शेवटी आवाज खाली करून विचारतात, “तुम्ही स्वतः घेता का?” घेतो, बेताने. पण बिअरवर माझे पैसे गेले ते बहुतेक पुस्तकांपायी. या विषयातली पदवी माझ्याकडे नाही; पंचवीस-एक वर्षे जुन्या बाजारात, ग्रंथालयांत आणि परदेशी जाणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून जे मिळाले ते वाचत आलो, एवढाच माझा अधिकार.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते घरी, स्वतःपुरते का असेना. त्यामुळे पुढे ज्या कृतींच्या पुस्तकांचा उल्लेख येईल, ती इथल्या वाचकाने चुलीजवळ नव्हे, टेबलावर ठेवूनच वाचायची आहेत.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी? पुष्कळ लोक मायकेल जॅक्सन यांचे नाव सांगतात. हे गायक नव्हेत, इंग्लंडमधले पत्रकार. त्यांचे ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ १९७७ मध्ये आले आणि बिअरचे ‘प्रकार’ पाडून बोलण्याची आजची पद्धत मुख्यतः त्या पुस्तकाने रूढ केली. ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून ते मोलाचे आहे; पण नवख्याने आज त्यापासून सुरुवात करू नये, जुन्या प्रवासवर्णनावरून आजचे गाव शोधण्यासारखे होईल. त्याऐवजी रँडी मोशर यांचे ‘टेस्टिंग बिअर’ (२००९) घ्यावे. रंग, वास, कडवटपणा, फेस यांतले काय कशातून येते, हे त्यांनी चित्रांसह सोपे करून सांगितले आहे. वर म्हटलेला लवंग-केळ्याचा वास मसाल्यातून किंवा फळातून येत नाही, तर विशिष्ट जातीच्या यीस्टमधून येतो, हे कळले की निम्मे कोडे सुटते.

त्यानंतर जॉन पामर यांचे ‘हाउ टु ब्रू’. पामर व्यवसायाने धातुशास्त्रज्ञ. अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या पातळीवर कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने; त्यानंतर चार्ली पपाझियन यांच्या १९८४ च्या ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ने त्या छंदाला धीर दिला आणि पामर यांनी शिस्त लावली. पपाझियन गप्पा मारतात, पामर शिकवतात. मला पामर अधिक आवडतात, कारण ते ‘असे करा’ म्हणून थांबत नाहीत, ‘का’ तेही सांगतात.

त्यांच्या पुस्तकाचा गाभा मराठी घरात समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. लहान मुलाला खिमट द्यायचे तर हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ होते आणि किंचित गोड लागते, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. कारण असे, की अंकुर फुटताना दाण्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, जागी होतात आणि साठवलेला स्टार्च तोडू लागतात. जवाला असेच मोड आणून, योग्य क्षणी भट्टीत वाळवून वाढ थांबवली की तयार होते ते माल्ट. ते भरडून गरम पाण्यात साधारण तासभर ठेवले की विकरे पुन्हा कामाला लागतात आणि स्टार्चची साखर होते.

इथे तापमान हा सगळा खेळ आहे. साठ ते पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपास एक विकर जोरात असते. ते स्टार्चच्या साखळीच्या टोकांकडून लहान साखरेचे तुकडे काढत जाते. सत्तरच्या जवळ दुसरे जोरात येते. ते साखळी मधेच कुठेही तोडते. पहिल्याने केलेली साखर यीस्ट चट्टामट्टा करते, दुसऱ्याने मागे ठेवलेले मोठे तुकडे तिला पचत नाहीत. म्हणून खालच्या तापमानाची बिअर कोरडी व हलकी होते, वरच्या तापमानाची भरीव आणि गोडसर. चार-पाच अंशांचा फरक आणि चव वेगळी! मग हा गोड रस हॉप्सच्या फुलांसह उकळायचा, निववायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. बाकी तपशील पामर यांच्याकडेच वाचावा. ज्यांना त्याही पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी एकाच मालेत यीस्ट, हॉप्स, पाणी आणि माल्ट यांवर चार स्वतंत्र पुस्तके २०१० ते २०१४ च्या दरम्यान आली. त्यांतले पाण्यावरचे रसायनाची तयारी असल्याशिवाय हाती घेऊ नये. स्टॅन हायरोनिमस यांचे हॉप्सवरचे मात्र कोणीही वाचावे.

आता इतिहासाकडे वळू, कारण खरी गफलत तिथे आहे. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, या बिअरची कथा आपल्याकडच्या मेन्यूकार्डांवरही छापलेली असते. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांपर्यंत जहाजाने बिअर पोहोचेपर्यंत ती नासत असे, म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या दारूवाल्याने मुद्दाम जास्त मद्यार्काची, जास्त हॉप्सची बिअर शोधून काढली, अशी ही कथा. मार्टिन कॉर्नेल यांचे ‘अँबर, गोल्ड अँड ब्लॅक’ वाचले की तिची एकेक वीट निखळते. फिक्या रंगाची, साठवणीची जोरकस बिअर इंग्लंडात आधीपासूनच होती. तेव्हाच्या मानाने आयपीए फार तीव्रही नव्हती. आणि काळीभोर पोर्टर बिअरही त्याच जहाजांनी येत होती, धडपणे पोहोचत होती. शिपायांची तहान मुख्यतः तिनेच भागवली. मग हॉजसन यांचे यश कशात होते? त्यांची ब्रुअरी बो येथे, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे लागत त्या ब्लॅकवॉलच्या गोदीपासून जवळ होती, आणि कप्तानांना खासगी व्यापारासाठी ते लांब मुदतीची उधारी देत. शोध वगैरे काही नाही; जागा आणि उधारी! पुढे १८२० च्या दशकात बर्टनच्या ब्रुअरांनी त्यांची बाजारपेठ पळवली, त्याला तिथले जिप्समयुक्त पाणी कारणी लागले. कॉर्नेल यांनी जुनी वर्तमानपत्रे आणि जाहिराती चाळून हे मांडले आहे. असे चिकाटीने शोधणारा माणूस विद्यापीठातलाच असावा लागतो असे नाही, याचा मला वैयक्तिक आनंद होतो.

याच कारणाने ‘द ऑक्सफर्ड कम्पॅनियन टु बिअर’ (२०११) हा गॅरेट ऑलिव्हर यांनी संपादित केलेला जाडजूड कोश जपून वापरावा. त्यात अकराशेच्या वर नोंदी आहेत. प्रकाशनानंतर लगेच जाणकारांनी त्यातल्या चुका जाहीरपणे गोळा करायला सुरुवात केली. वाट दाखवायला कोश चांगला आहे, वादाचा निकाल लावायला नाही.

मला एकच पुस्तक ठेवायला सांगितले, तर मात्र यांतले कोणतेच ठेवणार नाही. मी ठेवीन ते जुडिथ बेनेट यांचे ‘एल, बिअर अँड ब्रूस्टर्स इन इंग्लंड’ (१९९६). सन १३०० ते १६०० या तीनशे वर्षांचा हा अभ्यास. आरंभी इंग्लंडात हॉप्स नसलेली ‘एल’ घराघरांत बायका करीत. ती चार दिवसांत आंबट होई, म्हणून घरापुरती करून उरलेली शेजारी विकायची. तिच्या भावावर आणि दर्जावर नियंत्रण होते. विकणाऱ्यांकडून न्यायालये दंड घेत, आणि हा दंड हळूहळू परवाना-फीसारखाच झाला. त्या दंडाच्या याद्यांतून बेनेट यांनी शेकडो अज्ञात बायकांचा धंदा उभा केला आहे. पुढे समुद्रापलीकडून हॉप्सची बिअर आली. ती टिके, म्हणून लांब पाठवता येई. त्यासाठी मोठी भांडी, साठा, भांडवल आणि पत लागे. बायकांना कर्ज मिळत नव्हते, व्यावसायिक संघांत अधिकार नव्हता. धंदा मोठा झाला आणि पुरुषांचा झाला. पण बेनेट ‘पूर्वी बायकांचे सुवर्णयुग होते’ असा गळा काढत नाहीत. पूर्वीही ते काम कमी पैशाचे आणि कमी मानाचे होते. मान आणि पैसा आल्यावर ते त्यांचे उरले नाही, एवढेच. आपल्याकडच्या अबकारी दप्तरांकडे या नजरेने पाहणारा कोणी मराठी अभ्यासक निघाला, तर मी त्याला माझी प्रत खुशाल देईन. (परत करण्याच्या अटीवर.)

विज्ञानाच्या वाचकांसाठी लुई पाश्चर यांचा १८७६ चा ‘एत्यूद स्युर ला बिएर’ हा ग्रंथ आहे. १८७९ पासून तो इंग्रजीत मिळतो. जर्मनांकडून झालेल्या पराभवानंतर निदान बिअरमध्ये तरी त्यांच्यावर मात करावी, या ईर्ष्येने तो लिहिलेला. सूक्ष्मदर्शकातून बिअर नासवणारे जंतू दाखवणारी त्यातली चित्रे आजही पाहावीत. त्यानंतर कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ मध्ये हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, तिथेच १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी पीएच मापनाची कल्पना मांडली, आणि गिनेसमध्ये नोकरी करणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांचे संख्याशास्त्र मांडले. आपली मुले ‘टी-टेस्ट’ शिकतात ती हीच.

आणि आपला स्वतःचा इतिहास? त्यासाठी जेम्स मॅकह्यू यांचे ‘अ‍ॅन अनहोली ब्रू’ (२०२१). प्राचीन ग्रंथांतली ‘सुरा’ म्हणजे वाइन नव्हे आणि आजची भट्टीची दारूही नव्हे; ती मुख्यतः धान्य आंबवून केलेले पेय, म्हणजे बिअरची चुलत बहीण, हे ते संस्कृत संदर्भांनिशी दाखवतात. जुन्या भाषांतरांत सरसकट ‘मद्य’ किंवा ‘वाइन’ लिहिल्याने हा फरक पुसला गेला होता. आपण पाठ्यपुस्तकात ‘किण्वन’ शब्द वापरतो, त्यातले ‘किण्व’ म्हणजे सुरेचे विरजण. अर्थशास्त्रात त्याची कृती आहे : वाटलेले उडीद, तांदूळ आणि थोडे वनस्पतिद्रव्य. इडलीचे पीठ आंबवणाऱ्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल.

मॅकह्यू वाचून झाल्यावर मुंबई विद्यापीठाने छापलेले आर. पी. कंगले यांचे अर्थशास्त्र काढावे आणि दुसऱ्या अधिकरणातला पंचविसावा अध्याय, सुराध्यक्षाचा, सावकाश वाचावा. मद्यावरचे सरकारी नियंत्रण, पानगृहांत काय असावे, तिथे हेरांनी कोणावर नजर ठेवावी, हे सगळे त्यात आहे. किण्वाची निवड-वेचणी बायकामुलांनी करावी, असेही तिथे लिहिले आहे. बेनेट वाचलेल्या माणसाची नजर त्या ओळीवर थांबेलच. आणि त्याच्या जवळच आणखी एक नियम आहे : उत्सव, मेळे आणि यात्रा असतील तेव्हा लोकांना चार दिवस सुरा करण्याची मोकळीक द्यावी.